हक्क कळले की नियम कळतात

महाराष्ट्रातल्या बहुतेक प्राथमिक वर्गांच्या भिंतीवर नियमांची यादी असते: वेळेवर या, रांगेत चला, शांतता राखा, नखं कापा. शेजारी मॉनिटरचं नाव आणि झाडलोटीच्या पाळ्यांचा तक्ता असतो. म्हणजे नियम आहेत, जबाबदाऱ्याही वाटून दिलेल्या आहेत. मुलांच्या हक्कांचा फलक मात्र क्वचितच दिसतो, आणि दिसला तर तो मोठ्यांच्या उंचीवर, कायद्याच्या भाषेत लिहिलेला असतो.

नियम, हक्क आणि जबाबदारी या तिन्ही गोष्टी लहानपणीच शिकवायला हव्यात, याबद्दल कुणाचं दुमत नाही. वाद आहे तो क्रमाचा आणि पद्धतीचा. आधी काय शिकवायचं? चार वर्षांच्या मुलाला हक्क कळतो का? हक्क शिकवले तर मुलं डोक्यावर बसतात का? गेल्या शंभर वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी, शिक्षकांनी आणि कायदे करणाऱ्यांनी या प्रश्नांवर पुष्कळ काम केलं आहे. ते सगळं एकत्र पाहिलं की माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट होते. ज्या मुलाच्या हक्कांचा मान राखला जातो, त्याला नियमामागचं कारण उमगतं आणि जबाबदारी आपली वाटते. आपण मात्र अजूनही उलट्या टोकाने सुरुवात करतो.

मुलांना नियम कसा कळतो?

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हा प्रश्न थेट मुलांनाच विचारला. नूशातेल आणि जिनिव्हातल्या मुलांकडून ते गोट्यांचा खेळ शिकले आणि खेळता खेळता विचारत राहिले: हे नियम कुणी केले? ते बदलता येतील का? १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पुस्तकात या संवादांचं सार आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलांना नियम वडिलांकडून, थोरामोठ्यांकडून, कधी देवाकडून आलेले वाटत. ते बदलणं त्यांना पाप वाटे, पण प्रत्यक्ष खेळताना तीच मुलं नियम सर्रास मोडत. दहा-अकरा वर्षांची मुलं म्हणत, सगळ्यांनी मान्य केलं तर नियम बदलू शकतो. आणि हीच मुलं नियम काटेकोर पाळत. नियम वरून आलेला आहे तोवर तो पाळला जात नाही आणि आपण मिळून केलेला आहे हे कळलं की पाळला जातो, हा पियाजे यांचा निष्कर्ष आजही शिक्षकांच्या कामाचा आहे.

पुढच्या संशोधनाने दाखवलं की पियाजे यांनी लहानग्यांना थोडं कमी लेखलं होतं. जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये हानेस राकोत्सी, फेलिक्स वार्नेकन आणि मायकेल टोमासेलो यांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन आणि तीन वर्षांच्या मुलांना एक साधा नवा खेळ शिकवला. मग एक बाहुली आली आणि तिने तो चुकीच्या पद्धतीने खेळला. तीन वर्षांची मुलं तिला थांबवून 'असं नाही करायचं' म्हणू लागली. त्यात त्यांचा काहीच तोटा नव्हता. नियम सगळ्यांसाठी असतो, हे तिसऱ्या वर्षीच उमगायला लागतं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एलियट ट्युरिएल यांनी आणखी एक महत्त्वाचा भेद दाखवला. जेवणाआधी प्रार्थना म्हणायची हा नियम बाईंनी रद्द केला तर चालेल का, असं विचारलं की लहान मुलंही 'चालेल' म्हणतात. दुसऱ्याला मारायचं नाही हा नियम बाईंनी रद्द केला तर? तेव्हा मुलं म्हणतात, तरीही मारणं वाईटच, कारण त्याला लागतं. रिवाज वेगळा आणि इजा वेगळी, हे मुलाला फार लवकर कळतं. म्हणूनच 'रांग मोडू नकोस' आणि 'त्याला ढकलू नकोस' हे दोन्ही आपण सारख्याच आवाजात ओरडून सांगतो तेव्हा मुलाची ही नैसर्गिक समज बोथट करतो.

या मताला भारतातूनच आव्हान मिळालं. रिचर्ड श्वेडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली भुवनेश्वरच्या मंदिरपरिसरातल्या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खाणंपिणं, सुतक, पेहराव यांच्याबद्दलचे जे नियम शिकागोतल्या लोकांना निव्वळ रिवाज वाटले असते, ते तिथल्या मुलांना आणि मोठ्यांना नीतीचेच नियम वाटत होते. ट्युरिएल यांच्या बाजूने उत्तर आलं की रिवाज मोडल्याने मृताच्या आत्म्याला इजा होते अशी श्रद्धा असेल, तर तिथेही मुद्दा इजेचाच असतो. हा वाद आपल्याला जवळचा आहे. आपल्या घरांत रिवाज, श्रद्धा आणि नीती एकाच वाक्यातून शिकवल्या जातात. त्यातलं काय कशासाठी, हे मुलाला उलगडून सांगायचं काम शाळेला करावंच लागतं.

मुलं आपापसांत मात्र हे फार सुंदर निभावतात. लगोरीत किंवा लपंडावात धाकट्या भावंडाला 'कच्चा लिंबू' करतात. तो खेळतो, धावतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. ज्याची ताकद कमी, त्यालाही खेळण्याचा हक्क आहे आणि त्याच्यावरचं ओझं कमी असावं, हा नियम मुलांना कुणी मोठ्याने शिकवलेला नसतो.

भीतीने शिस्त लागते का?

कुर्त लेविन यांनी रोनाल्ड लिपिट आणि राल्फ व्हाइट यांच्यासोबत १९३० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या आयोवा इथे दहा-अकरा वर्षांच्या मुलांचे छंदगट चालवले. काही गटांचा प्रमुख हुकूम सोडणारा होता, काहींचा मुलांशी चर्चा करून ठरवणारा, काहींचा अजिबात लक्ष न घालणारा. हुकमी गटात प्रमुख समोर असताना काम भरपूर होई. तो खोलीबाहेर गेला की काम ढेपाळे. चर्चेने चालणाऱ्या गटात प्रमुख असो वा नसो, काम सुरू राही. लक्ष न घालणाऱ्या प्रमुखाच्या गटात ना काम झालं ना समाधान मिळालं. मोकळीक म्हणजे वाऱ्यावर सोडणं नव्हे, हे या प्रयोगाने दाखवून दिलं. मास्तर वर्गाबाहेर गेल्यावर वर्ग कसा वागतो, ही शिस्तीची खरी कसोटी आहे.

दंडाचं काय? इस्राएलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांवर एक अभ्यास झाला आणि २००० साली प्रसिद्ध झाला. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना सहा पाळणाघरांनी दंड लावला. उशिरा येणं कमी व्हायच्याऐवजी वाढलं आणि दंड रद्द केल्यावरही कमी झालं नाही. दंड लागताच ती गोष्ट पैसे देऊन विकत घेता येण्यासारखी झाली आणि बाईंना आपल्यामुळे थांबावं लागतं ही जाणीव पुसली गेली. प्रयोग मोठ्यांवरचा आहे, पण गृहपाठ न केल्यास पाच रुपये असा दंड लावणाऱ्या वर्गाने त्यातून शिकावं. मुलाला उमजायला हवं ते आपल्या वागण्याने कुणाचं काय होतं, हे. मार्टिन हॉफमन यांनी पालकांच्या वागण्याचा जो अभ्यास केला, त्याचं सारही हेच: 'तू त्याची पेन्सिल तोडलीस, आता तो चित्र कसं काढणार?' असं शांतपणे समजावणाऱ्या घरातल्या मुलांत दुसऱ्याविषयीची कळकळ जास्त रुजते.

हक्कांची शंभर वर्षं

मुलाला हक्क असतात हे जगाने उशिरा मान्य केलं. पहिल्या महायुद्धानंतरच्या उपासमारीत इंग्लंडच्या एग्लंटाइन जेब यांनी मुलांसाठी काम उभारलं आणि त्यांनी लिहिलेला मसुदा १९२४ साली राष्ट्रसंघाने 'जिनिव्हा जाहीरनामा' म्हणून स्वीकारला. त्यात मूल हे मदत मिळण्यास पात्र होतं, पण त्याला स्वतःचं म्हणणं आहे असं त्यात धरलं नव्हतं.

ते धरलं वॉर्साच्या यानुश कोर्चाक यांनी. पेशाने डॉक्टर असलेल्या कोर्चाक यांनी १९१२ पासून ज्यू अनाथ मुलांचं घर चालवलं. तिथे मुलांचं न्यायालय होतं आणि न्यायाधीश मुलंच असत. न्यायालयाच्या संहितेतली सुरुवातीची बहुतेक कलमं माफीची होती. दोषी ठरवणारी कलमं त्यानंतर येत. मोठ्यांवरही खटला भरता येई आणि स्वतः कोर्चाक यांच्यावर मुलांनी खटले भरले. त्यांनी ते मानले, कारण नियम मोठ्यांनाही बांधतो हे शिकवण्याचा दुसरा मार्ग त्यांच्या लेखी नव्हता. मुलांना आदर मिळण्याचा हक्क आहे, असं सांगणारं त्यांचं पुस्तक १९२९ साली आलं. ऑगस्ट १९४२ मध्ये नाझींनी या मुलांना त्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं, तेव्हा सुटकेची संधी नाकारून कोर्चाक त्यांच्यासोबत गेले.

बालहक्कांचा आंतरराष्ट्रीय करार व्हावा हा प्रस्ताव १९७८ साली पोलंडनेच मांडला. २० नोव्हेंबर १९८९ रोजी संयुक्त राष्ट्रांनी तो करार स्वीकारला आणि भारत डिसेंबर १९९२ मध्ये त्यात सामील झाला. शिकवण्याच्या दृष्टीने त्यातली तीन कलमं मोलाची आहेत. कलम १२ नुसार मुलाशी संबंधित बाबींत त्याचं म्हणणं ऐकलं गेलं पाहिजे. कलम ५ सांगतं की मुलाची समज जशी वाढते तसं मोठ्यांचं मार्गदर्शन बदललं पाहिजे. आणि कलम ४२ नुसार हा करार मोठ्यांना आणि मुलांना, दोघांनाही माहीत करून देणं हे सरकारचं काम आहे.

हक्क आधी की कर्तव्य?

शिक्षकांच्या बैठकीत हा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'आधी कर्तव्यं शिकवा, हक्क काय, मुलं मागतातच.' ही भीती प्रामाणिक आहे, म्हणून तिचं उत्तरही नीट द्यायला हवं.

कॅनडातल्या केप ब्रेटन विद्यापीठातल्या कॅथरीन कोवेल आणि ब्रायन हाउ यांनी बालहक्कांवर आधारित शिकवणुकीचा अनेक वर्षं अभ्यास केला. त्यांच्या कामातून प्रेरणा घेऊन इंग्लंडमधल्या हॅम्पशर परगण्याने प्राथमिक शाळांत हक्क, आदर आणि जबाबदारी यांचा कार्यक्रम राबवला. आपले हक्क नीट समजलेली मुलं इतरांच्या हक्कांचा जास्त विचार करू लागली, असं या अभ्यासांतून दिसलं. 'मला शिकण्याचा हक्क आहे' हे कळलेल्या मुलाला वर्गात गोंधळ घातला तर शेजारच्याच्या शिकण्याच्या हक्कावर घाला येतो, हे पुढचं पाऊल अवघड जात नाही. अट एकच होती: शाळेने हे मनापासून, सगळ्या व्यवहारात राबवायला हवं. जिथे ते अर्धवट राबवलं गेलं, तिथे असा बदल दिसला नाही.

जबाबदारीला कायद्यातही जागा आहे. १९९० च्या आफ्रिकी बालहक्क सनदेच्या कलम ३१ मध्ये कुटुंब आणि समाजाप्रति मुलाच्या जबाबदाऱ्या दिल्या आहेत, पण त्या मुलाच्या वयानुसार आणि क्षमतेनुसार. आपल्या संविधानात मूलभूत कर्तव्यं १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने आली. मूलभूत हक्क सुरुवातीपासून होते आणि ते कर्तव्यं पार पाडण्याच्या अटीवर मिळत नाहीत. २००२ च्या ८६ व्या दुरुस्तीने कलम २१ क आणून सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला आणि त्याच दुरुस्तीने अकरावं कर्तव्य जोडलं: मुलाला शिक्षणाची संधी देण्याचं कर्तव्य पालकांचं. हक्क मुलाचा, कर्तव्य मोठ्यांचं. 'गृहपाठ केलास तरच खेळाच्या तासाला सोडीन' असं म्हणताना आपण हे नातं उलटं करतो. खेळ हा त्याचा हक्क आहे, बक्षीस नाही. जबाबदारी हक्काची किंमत म्हणून मागितली की मूल हिशेब शिकतं. जबाबदारीची जाणीव त्यातून येत नाही.

मराठी मुलखातलं काम

ही परंपरा आपल्याला परकी नाही. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना केली. मारझोडीशिवाय, भीतीशिवाय बालशिक्षण हा त्यांचा आग्रह होता. त्यांनी स्वीकारलेल्या मॉन्टेसरी पद्धतीत प्रत्येक साधन एकच ठेवतात. ते दुसऱ्याच्या हाती असेल तर थांबायचं आणि आपलं झालं की जागेवर ठेवायचं. पाळी, वाट पाहणं, पुढच्याचा विचार हे सगळं तीन वर्षांचं मूल उपदेशाविना शिकतं. १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी हे काम वारली मुलांपर्यंत नेलं. मूल शाळेत येत नसेल तर शाळा पाड्यावरच्या अंगणात न्यायची, असा मार्ग त्यांनी काढला. आधी मुलाचा हक्क पोचवला, मग स्वच्छतेचे नियम आपोआप मुलांचे झाले.

लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सुरू केलेल्या 'सृजन आनंद विद्यालया'ने शिक्षा आणि स्पर्धेविना प्राथमिक शाळा चालते हे वर्षानुवर्षं दाखवलं. शांतिलाल मुथ्था यांच्या पुढाकाराने २००९ मध्ये बीड जिल्ह्यात सुरू झालेल्या 'मूल्यवर्धन' कार्यक्रमाने संवैधानिक मूल्यं जोडीतल्या आणि गटातल्या कामांतून शिकवण्याचा मार्ग घेतला. पुढे राज्य सरकारच्या सहभागाने तो राज्यभरातल्या जिल्हा परिषद शाळांत पसरला. नवी संस्था न काढता आहे त्या शाळेत आणि आहे त्या शिक्षकांकडून हे होऊ शकतं, हा त्याचा धडा.

पाठ्यपुस्तकंही मागे नव्हती. बालभारतीच्या पाचवीच्या परिसर अभ्यासात 'नियम सर्वांसाठी' आणि 'आपणच सोडवू आपले प्रश्न' असे पाठ आले. २६ जानेवारी २०२० पासून राज्यातल्या शाळांत परिपाठात संविधानाच्या उद्देशिकेचं वाचन सुरू झालं. वाचन चांगलंच आहे. पण 'समानता' रोज म्हणणाऱ्या वर्गात हुशार मुलं पुढच्या बाकावर आणि उरलेली मागे बसत असतील, तर मूल बाकांवरूनच शिकतं.

शालेय मंत्रिमंडळाचंही तसंच. अनेक शाळांत निवडणूक होते, स्वच्छतामंत्री आणि आरोग्यमंत्री शपथ घेतात आणि मग वर्षभर त्यांच्या हाती पाहुण्यांना फुलं देण्यापलीकडे काही नसतं. राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने रात्रशाळांतून चालवलेली बालसंसद याच्या नेमकी उलट आहे. दिवसा गुरं राखणारी मुलं आपले प्रतिनिधी निवडतात आणि शाळा नीट चालते की नाही यावर लक्ष ठेवतात. मोठ्यांना त्यांना उत्तर द्यावं लागतं. कर्नाटकात मुलांच्या ग्रामसभांत शाळेच्या वाटेपासून शौचालयापर्यंतचे प्रश्न पंचायतीपुढे मांडले जातात. मंत्रिमंडळाला निदान एक खरा निर्णय हवा: ग्रंथालयाची कोणती पुस्तकं घ्यायची, मैदान कोणत्या वर्गाला कधी मिळणार, मधल्या सुट्टीत नळावर रांग कशी लावायची.

झाडू कुणाच्या हाती?

जपानी शाळांत मुलं रोज वर्ग आणि व्हरांडे साफ करतात, पाळीपाळीने एकमेकांना जेवण वाढतात. आपल्याकडे याचं कौतुक होतं आणि ते रास्त आहे. पण ही पद्धत इथे आणताना आपला इतिहास विसरून चालणार नाही. ओमप्रकाश वाल्मीकि यांनी 'जूठन' या आत्मकथनात लिहिलं आहे की जातीमुळे शाळेत शिकण्याऐवजी त्यांच्या हाती झाडू दिला गेला. आजही झाडलोट आणि पाणी भरणं मुलींकडे, तर फळा आणि घंटा मुलांकडे अशी वाटणी पुष्कळ ठिकाणी सहज होते. जबाबदारी शिकवायची असेल तर पाळीचा तक्ता सर्वांना सारखा हवा, त्यात मुलगे हवेत आणि जमेल तिथे गुरुजींचं आणि बाईंचं नावही हवं. नाहीतर मुलं श्रमाची प्रतिष्ठा न शिकता उतरंड शिकतील.

यातूनच सर्वात नाजूक प्रश्न येतो: नियमच अन्यायाचा असेल तर? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावं लागे आणि ते गोणपाट रोज घरी न्यावं लागे. शिपायाने नळ सोडला तरच पाणी मिळे. शिपाई नसेल तर तहानलेलं राहावं लागे. तो तेव्हाचा नियम होता. मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केलं, तरी बाबासाहेबांच्या २० मार्च १९२७ च्या सत्याग्रहापर्यंत त्याचं पाणी दलितांना मिळालं नव्हतं. हक्क कागदावर असतो आणि तो बजावावा लागतो, हे दहा वर्षांच्या मुलाला याहून स्वच्छ कोणत्या उदाहरणाने समजेल? कोलंबिया विद्यापीठात जॉन ड्युई यांच्याकडे शिकलेल्या बाबासाहेबांनी लोकशाहीला एकत्र जगण्याची रीत मानलं. ती रीत शिकण्याची पहिली जागा वर्ग आहे. नियम पाळायला शिकवताना त्याला प्रश्न कसा विचारायचा आणि सर्वांशी बोलून तो कसा बदलायचा, हेही शिकवलंच पाहिजे.

घरातला पहिला धडा

शाळेच्या आधी घर येतं. 'मोठ्यांचं ऐकावं' हा आपल्या घरांतला पहिला नियम. त्याला अपवाद शिकवला नाही तर तो मुलाच्या जिवावर बेततो. मुलांवरचे लैंगिक अत्याचार बहुतेक वेळा ओळखीच्या माणसांकडूनच होतात. मुलाची इच्छा नसताना 'काकांना पापा दे' असा आग्रह करणारं घर नकळत त्याला शिकवतं की आपल्या शरीराबद्दलचा निर्णय आपला नाही. शरीर माझं आहे, नको वाटलं तर 'नाही' म्हणायचं आणि विश्वासाच्या माणसाला सांगायचं, हा हक्क तिसऱ्या-चौथ्या वर्षी शिकवता येतो. मुंबईत १९९६ साली सुरू झालेला १०९८ हा मदतीचा क्रमांक मुलांना पाठ हवा. आदर शिकवायचा आहेच, पण आदर आणि निमूट आज्ञापालन यांतला फरक कळला तरच मूल सुरक्षित राहतं.

वयानुसार काय?

या सगळ्या कामातून वर्गासाठी काही ठोस सूत्रं निघतात. तीन ते सहा वर्षांत नियम थोडे असावेत, चित्रांतून असावेत आणि काय करायचं नाही यापेक्षा काय करायचं ते सांगणारे असावेत. आपली चटई उचलणं, पाणी ओतून घेणं, दोन खेळांतला एक निवडणं एवढी जबाबदारी आणि एवढा हक्क या वयाला पुरतो. सहा ते आठ वर्षांत वर्गाचे चार-पाच नियम मुलांसोबत ठरवावेत आणि प्रत्येकापुढे 'हा कशासाठी?' याचं उत्तर मुलांच्याच शब्दांत लिहावं. भांडण झालं की 'कुणी केलं?' याआधी 'कुणाला काय त्रास झाला?' हा प्रश्न यावा. आठ ते अकरा वर्षांत आठवड्यातून एकदा बालसभा भरावी, न चालणारा नियम बदलता यावा आणि शाळेतला एखादा खरा प्रश्न ग्रामपंचायतीला किंवा नगरसेवकाला पत्र लिहून मांडावा.

हे शिक्षकांच्या बळावर उभं राहायचं तर त्यांच्याही हक्कांचा विचार व्हायला हवा. एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता, त्यातच निवडणुकीची कामं आणि रोजची ऑनलाइन माहिती. ज्याचं म्हणणं वर कुणी ऐकत नाही, त्याच्याकडून मुलांचं ऐकण्याची अपेक्षा ठेवताना व्यवस्थेने आपलाही व्यवहार तपासावा. प्रशिक्षणात व्याख्यानं कमी करून शिक्षकांनाच अशा सभांचा आणि निर्णयांचा अनुभव द्यावा.

पण एका गोष्टीसाठी कुठल्याही प्रशिक्षणाची, निधीची किंवा नव्या परिपत्रकाची वाट पाहायची गरज नाही. १ एप्रिल २०१० पासून लागू असलेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने मुलांना मारणं आणि त्यांचा मानसिक छळ करणं बंद केलं आहे. छडी, उठाबशा, चारचौघांत केलेला अपमान, जातीवरून किंवा घरावरून मारलेला टोमणा हे सगळं त्यात येतं. हा नियम मोठ्यांसाठी आहे आणि मुलं तो आपल्याकडून कसा पाळला जातो हे रोज बघत असतात. आपण तो पूर्णपणे पाळला, मोडला गेला तर मुलासमोर चूक कबूल केली आणि मुलाला तक्रार करायला सुरक्षित जागा दिली, तर नियम, हक्क आणि जबाबदारी या तिन्हींचा पहिला पाठ त्या दिवशीच सुरू होईल. त्याआधी शिकवलेलं नागरिकशास्त्र मुलांना खरं वाटणार नाही, आणि तशी अपेक्षा करण्याचा हक्क आपल्यालाही नाही.